ती तशीच आहे

आमच्या घरात मराठी आली ती अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण रेणुका, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. घरी सगळे तेलुगू बोलायचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरांत तीच भाषा होती. शाळेच्या फाटकात शिरलं की मात्र एकदम सगळं मराठी. मला खुर्ची 'तो' की 'ती' हेच कळायचं नाही. शाळेच्या वाटेवर अक्का एकेका वस्तूकडं बोट करायची, आणि मी चुकले की दंडाला चिमटा काढायची. "तो खांब. ती भिंत. ते दुकान. म्हण." मी म्हणायचे. चौथीपर्यंत माझे दंड हिरवेनिळे असायचे आणि मराठीत मी वर्गात पहिली असायचे. पुढं जन्मभर मी मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले तेव्हा सत्कारात मी माझ्या सगळ्या गुरुजनांची नावं घेतली. अक्काचं घेतलं नाही. घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत अम्मा विड्या वळायची, मागच्या खोलीत चूल आणि मोरी. समोरच्या शेडमध्ये यंत्रमाग होते आणि सकाळपासून त्यांची खडखड चालू असायची, त्यामुळं आमच्या घरात हळू बोलण्याची कुणालाच सवय नव्हती. मागांना सुट्टी असली की आमचेच आवाज आम्हाला भांडल्यासारखे वाटायचे. नायना, म्हणजे वडील, त्याच शेडमध्ये माग चालवायचे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. अम्माच्या मांडीवर सूप असायचं, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तिची बोटं वळत असायची आणि तोंड शेजारणींशी बोलत असायचं. हसली की सूप हलायचं आणि तंबाखू सांडायची. तंबाखूचा वास आमच्या केसांना यायचा, वह्यांना यायचा. वही तपासायला घेतली की काही सर नाक आक्रसायचे. सकाळी चारू, म्हणजे चिंचेचं पातळ सार, आणि भात, संध्याकाळी भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणी कुटायचं काम अक्काचं होतं. ती कुटताना पाढे म्हणायची, आणि एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत चटणीला तेल सुटायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तिला सगळं यायचं. आधी यायचं.

मी सातवीत आणि अक्का आठवीत असताना आम्हाला भाऊ झाला. त्याचं नाव शेखर. दोन मुलींवर झालेला मुलगा, त्यामुळं नायनांनी सगळ्या शेडला पेढे वाटले. तो आठ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याला दोन दिवस ताप होता. अक्कालाही कणकण होती म्हणून ती शाळेत गेली नव्हती. अम्माला तयार विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या. तिनं बाळाला झोळीत घातलं, झोळीची दोरी अक्काच्या पायाला बांधली आणि ती गेली. अक्का पाय हलवत भिंतीला टेकून बसली होती. अंगात ताप, दुपारची वेळ, समोर मागांची एकसुरी खडखड. तिला झोप लागली. अम्मा परत आली तेव्हा झोळी थांबलेली होती. बाळाला आचके येऊन गेले होते. दवाखान्यात नेलं, पण काही उरलं नव्हतं. डॉक्टर नायनांना म्हणाले, ताप डोक्यात गेला, कुणी जागं असतं तरी घरी काही करता आलं नसतं. नायनांनी हे घरी येऊन सांगितलं. मी ऐकलं. अम्मानं ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. दहाव्याच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर ती अक्कासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू झोपलीस." एवढंच. आरडाओरडा नाही, रडणं नाही.

त्यानंतर अम्माचं विड्या वळणं बंद झालं. सूप मांडीवर घेऊन बसायची, पान हातात धरायची, आणि दुपार झाली तरी तेच पान हातात असायचं. काही दिवस केस विंचरायची नाही, अंघोळ करायची नाही. काही दिवस मात्र एकदम उठायची आणि अक्काला मारायची, हातानं, उलथन्यानं, जे सापडेल त्यानं. मला तिनं कधी बोटही लावलं नाही. मला त्याचं बरं वाटायचं. शेजारणी आधी डबा घेऊन यायच्या, मग दारातूनच चौकशी करायला लागल्या, मग "तिला काहीतरी झालंय" असं आपापसात बोलायला लागल्या. नायनांनी एकदा आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं, "घरातलं घरात ठेवायचं. बाहेर एक शब्द जाता कामा नये. तुमची लग्नं व्हायची आहेत." आज एखाद्या बाईचं असं झालं तर त्याला आजाराचं नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हाही असतील. आमच्या गल्लीपर्यंत त्या आल्या नव्हत्या.

अम्माचं काम अक्काकडं गेलं. कुणी तसं ठरवलं नाही, ते आपोआप तिच्या अंगावर आलं. नळाचं पाणी, स्वयंपाक, अम्माला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, आणि उरलेल्या वेळात विड्या. माझ्याकडं काय आलं? नायनांनी कोपऱ्यात फळी ठोकून दिली, वर एक दिवा लावून दिला आणि म्हणाले, "सरू हुशार आहे. तिला अभ्यास करू द्या." मी भिंतीकडं तोंड करून बसायचे. पाठीमागं काय चाललंय ते मला ऐकू यायचं, पण मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही असं धरता यायचं. अक्का रात्री झोपत नव्हती, हेही मला माहीत होतं. ती बसून राहायची. झोप यायला लागली की स्वतःच्या दंडाला चिमटा काढायची. सकाळी दंडावरच्या खुणा दिसायच्या. मी त्याबद्दल तिला एकदाही विचारलं नाही.

आठवीत ती नापास झाली आणि मी तिच्या वर्गात आले. शाळेत तिला बघणं हा माझ्यासाठी रोजचा लाजेचा प्रसंग होता. पहिल्या तासापासून तिची मान लटकायची. कुणी हाक मारली की दचकून उठायची, आणि जो जवळ असेल त्याला ढकलायची. एकदा शेजारच्या मुलीनं तिला नुसतं कोपरानं हलवलं, तर हिनं तिची वही टराटरा फाडली. कर्कटकानं बाक खरवडत राहायची, तासन् तास, सर ओरडले तरी थांबायची नाही. वाचायला उभी केली की ओळीच्या मध्येच थांबायची. पुढचा शब्द पुस्तकात समोर असायचा आणि तिला सापडायचा नाही. मला आठवतं, 'पावसाळ्यात' हा एक शब्द तिनं तीनदा सुरू केला आणि तीनदा 'पाव'वर अडकली. वर्ग हसला. चटणी कुटताना पाढे म्हणणारी मुलगी सातचा पाढा विसरली. मी तिच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर बसायला लागले. मला फळ्यावरचं नीट दिसत नाही, असं कारण सांगितलं होतं. सरांनी कौतुक केलं.

वर्गशिक्षक बिराजदार सर गणित शिकवायचे. फार चांगलं शिकवायचे, हे मला मान्य करावं लागतं. फळ्यावर हातानं काढलेलं त्यांचं वर्तुळ कंपासनं काढल्यासारखं यायचं. पण झोपलेलं मूल त्यांना सहन होत नसे, तो त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. ते अक्काला 'कुंभकर्णीण' म्हणायचे. तिला दाराबाहेर उभी करायचे, ती उभ्यानं डुलायची, आणि जाणारे-येणारे बघून हसायचे. घटक चाचणीचे पेपर देताना ते आमच्या दोघींचे पेपर शेजारी शेजारी धरायचे. "एकाच आईच्या पोटच्या ह्या. बघा." मी खाली मान घालायचे. वर्गाला वाटायचं मला वाईट वाटलं. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला माझा पेपर वर धरलेला आवडायचा.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सर प्रमेय शिकवत होते. अक्का मागच्या बाकावर डोकं टेकून गाढ झोपली होती. सर फळ्याकडून हळूच मागं गेले, ओठांवर बोट ठेवून वर्गाला गप्प बसायची खूण केली, आणि एका मुलीची पाण्याची बाटली घेऊन तिच्या डोक्यावर ओतली. अक्का किंचाळत उठली. तिचे डोळे उघडे होते, पण ती आमच्यापैकी कुणालाही बघत नव्हती. ती ओरडत होती, "नेनु निद्रपोलेदु! नेनु निद्रपोलेदु!" मी झोपले नाही, मी झोपले नाही. वर्गात तेलुगू समजणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. त्या फिदीफिदी हसायला लागल्या, आणि एकीनं सरांना अर्थ सांगितला. सर म्हणाले, "झोपली नव्हतीस? अख्खा वर्ग बघतोय की!" आणि त्यांनी तिचा दंड धरला. जिथं ती चिमटे काढायची तोच दंड. तिनं बाकावरची पत्र्याची कंपासपेटी उचलून त्यांच्या तोंडावर मारली. चष्मा फुटला, भुवईच्या वर कातडी फाटली, रक्त शर्टावर सांडलं. आता कुणी हसत नव्हतं. वर्गात एकट्या मला कळलं होतं की ती सरांशी बोलत नव्हती.

शिपाई तिला ओढत घेऊन गेला. थोड्या वेळानं मलाही बोलावणं आलं. मला वाटलं मुख्याध्यापकांकडं जायचं आहे, पण शिपायानं मला ग्रंथालयाच्या खोलीत नेलं. तिथं माढेकर बाई होत्या. त्या आम्हाला मराठी शिकवायच्या. नवीन होत्या, वयानंही लहान, वर्गावर त्यांचा फारसा धाक नव्हता. अक्का स्टुलावर बसली होती, केसांतून अजून पाणी गळत होतं. बाईंनी आपला टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला होता. दार लावून त्या अक्कासमोर उकिडव्या बसल्या. बाई माणूस, साडी सावरून एका विद्यार्थिनीसमोर जमिनीवर उकिडवी बसली, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"रेणुका, सर रागावलेत. पण मी रागावले नाही. रात्री झोप होत नाही का तुझी?"

अक्काचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"घरी काम फार असतं का? कुणी मारतं का?" बाईंनी तिच्या हातावरच्या खुणा बघितल्या होत्या. "तू सांगितलंस तर मी सरांशी बोलेन. तुमच्या घरी येऊन वडिलांशी बोलेन. तुला काही होऊ देणार नाही."

मग बाई माझ्याकडं वळल्या. "सरोजा, तू सांग. घरी काही झालंय का?"

आता मी जे लिहिते आहे ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात नायनांची ताकीद होती, हे खरं आहे. अम्माला सगळी शाळा वेडी म्हणेल ही भीती होती, तेही खरं आहे. ही दोन्ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. पण त्यांच्या खाली तिसरं होतं, आणि तेच मोठं होतं. बाई घरी आल्या, नायनांशी बोलल्या, अक्काचं काम कमी करा म्हणाल्या, तर ते काम कुणाकडं येणार? घरात मी एकटीच उरत होते. मला माझी फळी दिसली, तिच्यावरचा दिवा दिसला. चौदा वर्षांच्या मुलीला एवढा हिशोब सुचतो का, असं कुणी म्हणेल. सुचतो. मला लगेच सुचला.

"काही नाही बाई," मी म्हणाले. "घरी सगळं नीट आहे. ती पहिल्यापासून तशीच आहे."

माझी मराठी अगदी शुद्ध होती. बाईंनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांना ते पटलं नव्हतं, असं मला वाटतं. "नक्की?" त्यांनी विचारलं. "नक्की, बाई." अक्कानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहिलं नसतं. ती कुणाच्या तरी तोंडाकडं बघत ऐकत असावी, आणि ऐकणं संपलं असावं, तसं तिनं पुन्हा खाली पाहिलं. बाई उठल्या, साडी झटकली आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी नायनांना बोलावलं. भुवईवर पट्टी लावलेले बिराजदार सर त्यांना म्हणाले, "घेऊन जावा तुमच्या पोरीला. धाकटी हिरा आहे, तिच्याकडं लक्ष द्या." शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढं 'समाधानकारक नाही' असं लिहिलं होतं. तो दाखला घेऊन नायना एका शाळेत गेले, तिथल्या कारकुनानं तो वाचला आणि परत दिला. दुसऱ्या शाळेत ते गेलेच नाहीत. संध्याकाळी त्यांनी अम्माला सांगितलं, रेणुका आता घरीच असेल. अम्मा पान हातात धरून बसली होती. अक्का उठली आणि भाकरीचं पीठ काढायला लागली.

दहावीला मी शाळेत पहिली आले. घरी पेढे आले, अक्कानं ते ताटलीत लावून गल्लीत वाटले. अठरा पुरी व्हायच्या आत तिचं लग्न झालं, होटगीला, रेल्वेत गँगमन असलेल्या माणसाशी. माणूस बरा निघाला, पीत नव्हता. अम्मा पुढं काही वर्षांनी हळूहळू बोलायला लागली, पुन्हा विड्याही वळायला लागली. पण शेखरचं नाव तिनं मरेपर्यंत घेतलं नाही आणि अक्काची माफीही मागितली नाही. माढेकर बाई वर्षभरात बदलून गेल्या. मी शिकले, नोकरीला लागले. आणि मी कशी शिक्षिका झाले म्हणाल, तर बिराजदार सरांसारखी झाले. माझ्या वर्गात झोपणाऱ्या, वह्या फाडणाऱ्या, उत्तर न देणाऱ्या मुली आल्या नाहीत असं नाही. मी त्यांच्या प्रगतिपुस्तकावर सुवाच्य अक्षरात 'अभ्यासात लक्ष नाही, वर्तन सुधारावे' असं लिहीत आले. उकिडवी मी कुणासमोरही बसले नाही. बसले असते आणि तिनं खरं सांगितलं असतं, तर मला ते ऐकवलं नसतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्हाला एक प्रशिक्षण होतं. समुपदेशक मुलगी पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होती, की घरात काही घडलं की मुलांचं वागणं बिघडतं, झोप जाते, वाचलेलं लक्षात राहत नाही, म्हणून आधी विचारा. सगळे शिक्षक वहीत उतरवून घेत होते. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते चहा संपेपर्यंत आत आले नाही.

गेल्या वर्षी मी होटगीला गेले. एरवी मी सणासुदीला जायचे, सगळ्यांत बसून परत यायचे. या वेळी दुपारची गेले, ती एकटी असताना. अक्का अंबाडी निवडत होती. सासरच्यांचं तेलुगू केव्हाच विरलेलं, त्यामुळं तिच्या तोंडात आता होटगीची मराठी बसली आहे आणि माझ्याशीही ती तीच बोलते. मी तेलुगूत सुरुवात केली, ती मराठीत उत्तर देत राहिली. मी तिला सगळं सांगितलं, ग्रंथालयाची खोली, बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, आणि ती फळी आणि तो दिवासुद्धा.

"मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "मी तितंच हुते."

"मी खरं सांगायला पाहिजे होतं, अक्का."

"व्हय. पाहिजे हुतं."

जाऊ दे, तू लहान होतीस, असं ती म्हणेल असं मी येताना गाडीत धरून चालले होते. ती म्हणाली नाही. अंबाडीची पानं देठापासून खुडत राहिली.

"शाळेचं म्हणशील तर मला आता काय वाटत न्हाय," ती म्हणाली. "शिकले असते का नसते, कुणाला ठाऊक. पर त्या बाईनं इचारलं हुतं, सरू. सगळ्या जन्मात एकदाच कुणीतरी मला इचारलं. मला बोलता येत न्हवतं, घशातनं आवाजच फुटत न्हवता. मी मनात म्हनत हुते, आता सरू सांगंल. तिला मराठी चांगलं येतंय, ती सांगंल. मंग बाई घरला येतील. बाळाचं ऐकून घेतील." तिनं एक पान उलटून बघितलं. "ऐकून बाई काय म्हनल्या असत्या, ह्ये मला कवाच कळणार न्हाय. तुज्यामुळं. तुजी चूक न्हवती, असं म्हनल्या असत्या का गं?"

"तुझी चूक नव्हती, अक्का," मी म्हणाले. "डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुझी चूक नव्हती."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आता तू सांगून काय उपेग," ती म्हणाली.

देठं तिनं कागदात गुंडाळली, भाजी घेतली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. आत गेल्यावर नळ सोडल्याचा आवाज आला, मग भांड्याचा. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिले. तिनं थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आतून फोडणीचा वास आला तेव्हा मी उठले, दारात चपला घातल्या आणि स्टेशनकडं चालायला लागले.